रामनदीकाठची रविवारची सफाई : कचरा वेचल्याने नदी वाचते का?

काठावरचा_करंज
नमस्कार मंडळी. गेली तीन वर्षे आमच्या परिसरातली सात-आठ कुटुंबे दर रविवारी सकाळी सात ते नऊ या वेळेत रामनदीच्या काठावरचा कचरा वेचतात. पुण्याबाहेरच्या सभासदांसाठी थोडी ओळख करून देतो. भुकूमजवळ खाटपेवाडीच्या डोंगरउतारावर उगम पावणारी ही लहानशी नदी भूगाव, बावधन, पाषाण, सोमेश्वरवाडी असे करत औंध-बाणेरच्या बाजूला मुळेला मिळते. तिची लांबी पुरती २० किलोमीटरही नाही, आणि अनेक नवे रहिवासी तिला नालाच समजतात.

गेल्या रविवारी एका करंजाच्या मुळांत अडकलेली साडी आम्ही चौघांनी मिळून काढली. ओढून ती निघेना, म्हणून विळ्याने कापत कापत सोडवावी लागली आणि त्यात अर्धा तास गेला. तिच्या घड्यांमध्ये वाळू, दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या आणि देवाची एक भिजलेली तसबीर असे थरावर थर बसलेले होते. शेवटचा तुकडा सुटला तेव्हा खालच्या चिखलातून एक बोटभर खेकडा बाहेर आला आणि मुळांखाली नाहीसा झाला. आम्हाला फार बरे वाटले. पण तिथून वीस पावलांवर, दगडी भिंतीच्या तळाशी असलेल्या नळातून काळे पाणी अखंड पडत होते. सोमवारी संध्याकाळी मी पुलावरून गेलो, तर त्याच करंजाखाली निर्माल्याच्या तीन नव्या पिशव्या होत्या.

माझा प्रश्न असा आहे, की आमचे हे दोन तास योग्य ठिकाणी खर्च होत आहेत का? की तेच तास तक्रारी आणि पाठपुरावा यांना द्यावेत? ज्यांनी नदी, ओढा, तळे किंवा समुद्रकिनारा यांसाठी प्रत्यक्ष काम केले आहे, त्यांनी अनुभव सांगावेत ही विनंती.

उतारावरचे_पाणी
मी मलनिस्सारणाच्या कामात तीस वर्षे काढली आहेत, त्यामुळे स्पष्टच लिहितो. आपण उचलता तो कचरा डोळ्यांना दिसतो, पण नदी मरते ती तिच्यात विरघळलेल्या घाणीमुळे. पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू जो प्राणवायू वापरतात, त्यावरून बीओडी ठरते. आंघोळीयोग्य पाण्यात ही बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये आणि विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम असावा, असा आपल्याकडचा निकष आहे. प्रक्रिया न केलेल्या घरगुती मैलापाण्याची बीओडी दोनशेच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. दिवाळीनंतर रामनदीला स्वतःचे पाणी फारसे उरत नाही आणि पात्रातून वाहते ते मुख्यतः आपल्याच घरांतले सांडपाणी असते. अशा प्रवाहाच्या काठावरून वीस पोती कचरा उचलल्याने त्या आकड्यावर काहीही परिणाम होत नाही. उलट मोहिमेची छायाचित्रे छापून येतात आणि ज्यांचे हे कर्तव्य आहे त्यांच्यावरचा दबाव कमी होतो. माझे मत विचाराल, तर ते दोन तास त्या काळ्या पाण्याच्या नळामागे लावा.

ओढ्याकाठची
उतारावरचे_पाणी यांच्याशी मी सहमत नाही. आमचे घर आंबिल ओढ्याजवळ आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्या ओढ्याला जो पूर आला, तो मी गच्चीवरून पाहिला आहे. पाऊस अतोनात होता आणि ओढ्याचे पात्र बांधकामांनी आवळलेले होते, ही मुख्य कारणे आहेतच. परंतु पाणी ओसरल्यावर आमच्या गल्लीजवळच्या मोरीच्या तोंडाशी गाद्या, थर्माकोल, झाडाच्या फांद्या आणि प्लॅस्टिक यांचा जो डोंगर अडकलेला होता, तोही मी पाहिला. त्या रात्री माणसे वाहून गेली. आमच्या शेजारच्या आजींना दोरीने वर ओढून घेतले, तेव्हा पाणी त्यांच्या गळ्यापर्यंत आले होते. कचऱ्याने बीओडी बदलत नसेलही, पण मोरी तुंबते, आणि ओढ्याकाठी राहणाऱ्या माणसासाठी ती जीवनमरणाची बाब असते. आता दर मे महिन्यात आम्ही गल्लीतली माणसे स्वतः मोरीपर्यंत जाऊन पाहणी करतो आणि ती साफ होईपर्यंत कार्यालयाची पायरी सोडत नाही.

गोणपाट
मी कचरावेचक महिलांबरोबर काम करते. पुण्यात त्यांची संघटना, म्हणजे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ पासून उभी आहे आणि पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. त्यांच्याकडून शिकलेली एक गोष्ट धागाकर्त्यांना सांगावीशी वाटते. पोत्यात काय आले हे नीट पाहा. पाण्याच्या बाटल्या, पुठ्ठा आणि पत्रा तुलनेने कमी सापडेल, कारण त्यांना भंगारात भाव आहे आणि कोणीतरी ते आधीच वेचून नेलेले असते. वेफरची पाकिटे, शाम्पूच्या पुड्या, पातळ पिशव्या, डायपर, चिंध्या आणि थर्माकोल मात्र ढिगाने सापडेल, कारण ते कोणताही भंगारवाला घेत नाही. म्हणजे ज्याला किंमत नाही तेच नदीत उरते. राज्यात २०१८ साली पातळ पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी आली, तरीही या वस्तू काठावर मिळतात. त्या कुठून येतात हे शोधणे तुम्हाला शक्य आहे, कारण काठावर तुम्ही दर आठवड्याला असता. कार्यालयात बसलेल्या माणसाला ते शक्य नाही.

दुसरे असे, की सॅनिटरी पॅड आणि डायपर उघड्या हातांनी कोणी उचलू नयेत. ते कागदात गुंडाळून, त्यावर लाल खूण करून वेगळे द्यावेत. तुमच्या हातून निसटले ते पुढे आमच्या एखाद्या बाईच्या हातात जाते.

वैद्यबुवा
गोणपाट यांच्या सूचनेला मी डॉक्टर म्हणून जोड देतो. पायाला जखम असेल त्या दिवशी पाण्यात उतरू नये, कारण उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून आणि चिखलातून लेप्टोस्पायरोसिस होतो. गमबूट आणि जाड रबरी हातमोजे हवेतच, धनुर्वाताची लस घेतलेली असावी, आणि सुया दिसल्या तर त्या चिमट्याने उचलून टणक डब्यात टाकाव्यात. मुलांना काठावरच ठेवा.

भीमथडी_सोलापूर
पुण्यातल्या मित्रांनो, तुमच्या नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्याचेही थोडे ऐका. रामनदी मुळेला मिळते, मुळा पुण्याच्या संगमावर मुठेला मिळते, आणि मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. ती भीमा उजनी धरणात येते आणि उजनीचे पाणी आम्ही सोलापूरकर पितो. इंदापूरच्या बाजूला माझे मामा मासेमारी करत. चिलापीने बाकीच्या माशांना मागे सारण्याआधी जाळ्यात कोणकोणते मासे येत, त्यांची नावे ते एका दमात सांगत असत. आज त्यांच्या नातवाला त्यातली दोन नावेसुद्धा ठाऊक नाहीत. उन्हाळ्यात धरणाच्या कडेचे पाणी हिरवे होते आणि काठाला वास येतो. याच धरणाचे पाणी आषाढीला पंढरपुरात चंद्रभागेच्या पात्रात सोडतात आणि वारकरी त्यात स्नान करतात. तुम्ही रविवारी उचललेली पिशवी आमच्यापर्यंत पोहोचत नाही, एवढे मला पुरेसे आहे. पण त्या काळ्या नळाकडे दुर्लक्ष करू नका, ही हात जोडून विनंती.

वाहते_पाणी_आजी
निर्माल्याबद्दल लिहिते, कारण मीही वर्षानुवर्षे पुलावरून निर्माल्य सोडत आले होते. त्यामागची भावना घाणीची नसते. देवाला वाहिलेले फूल पायदळी येऊ नये, ते वाहत्या पाण्यात जावे, असे आमच्या सासूबाईंनी शिकवले होते, आणि त्यांच्या काळी नदी खरोखर वाहत होती. प्लॅस्टिकच्या पिशवीला गाठ मारून फेकलेले निर्माल्य वाहत नाही, तिथेच सडते, हे मला पुलावर उभ्या असलेल्या एका मुलीने समजावले. तिने हटकले असते तर मी रागावले असते. पण ती म्हणाली, “आजी, पिशवी मला द्या, फुले मी झाडाला घालते.” मी दिली. आता आमच्या इमारतीच्या मागे निर्माल्याचा खड्डा आहे, त्यातले खत तुळशीला आणि जास्वंदीला जाते, आणि त्याच तुळशीची मंजिरी पुन्हा देवाला वाहते.

तसबिरींचे मात्र अवघड आहे. काच, चौकट आणि कागद वेगळे करायला कोणाचा हात धजत नाही. आमच्याकडे एक गुरुजी आहेत, ते उत्तरपूजा करून देतात आणि मग लोक त्या वस्तू सोडून द्यायला तयार होतात.

रंकाळा_काठ
आजींचा प्रतिसाद फार आवडला. आमच्या कोल्हापुरात पंचगंगेऐवजी इराणी खणीत किंवा कुंडात गणेशविसर्जन करण्याची आणि मूर्ती दान देण्याची सवय अशीच हळूहळू लागली. काठावर उभे राहून कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे हात जोडून विनवण्या केल्या, तेव्हा हे घडले. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने शोधलेली अमोनियम बायकार्बोनेटची पद्धतही चांगली आहे. बादलीतल्या पाण्यात ती पावडर घालून प्लॅस्टरची मूर्ती विरघळवता येते आणि वरच्या पाण्यातले अमोनियम सल्फेट झाडांना खत म्हणून चालते. शाडूची मूर्ती आणणे त्याहून बरे, हे वेगळे सांगायला नको.

वर्सोव्याचा_वारा
आमच्या किनाऱ्याचा अनुभव सांगतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या वकिलांनी एका वयोवृद्ध शेजाऱ्याला बरोबर घेऊन वर्सोव्याच्या किनाऱ्यावर सफाई सुरू केली, तेव्हा वाळू दिसत नव्हती. पुढे शेकडो माणसे येऊ लागली आणि २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांना गौरवले. मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे गेली. हे सारे खरे आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण दर पावसाळ्यात भरतीबरोबर कचरा पुन्हा येतो, हेही तितकेच खरे आहे, कारण तो किनाऱ्यावर तयारच होत नाही. तो शहरातल्या नाल्यांतून समुद्रात जातो आणि समुद्र तो परत करतो. म्हणून कचरा किनाऱ्यावर येण्याआधी वस्त्यांतच अडवावा लागतो. किनारा झाडणाऱ्यांनी वस्तीत जाऊन चार घरांशी बोलणे मला किनारा झाडण्याइतकेच महत्त्वाचे वाटते.

शेकाट्या
पक्षीनिरीक्षक या नात्याने एक निरीक्षण नोंदवतो. लांब गुलाबी पायांचे शेकाटे थव्याने दिसले, की लोक म्हणतात, नदी सुधारली, पक्षी आले. शहरातल्या मुळा-मुठेत त्यांची गर्दी बहुतेकदा मैलापाण्याच्या गाळात वाढणाऱ्या अळ्यांसाठी असते. पाण्यावर घिरट्या घालून सूर मारणारा काळापांढरा खंड्या दिसू लागला, तर आनंद माना, कारण त्याला मासे लागतात आणि ते दिसण्याइतके नितळ पाणीही लागते. काठावरच्या वाळुंज, करंज आणि उंबरांना सफाईच्या उत्साहात हात लावू नका. मागे एका मोहिमेत पाणगवत आणि काठावरची सगळी झुडपे कचरा समजून यंत्राने खरवडून काढण्यात आली आणि त्या हंगामात तिथे एकही घरटे झाले नाही. जलपर्णी काढावी हे मान्य आहे, पण सांडपाण्यातले नायट्रेट आणि फॉस्फेट मिळत राहिले, तर ती काही आठवड्यांत पुन्हा पात्र झाकते.

क्लीव्हलँडवासी
मी गेली अठरा वर्षे ओहायो राज्यात राहतो. आमच्या गावातून वाहणारी कायाहोगा नदी २२ जून १९६९ रोजी पेटली होती. पाण्यावरच्या तेलाच्या तवंगाने आणि तरंगत्या कचऱ्याने पेट घेतला. त्याआधीही ती अनेकदा पेटली होती आणि १९५२ ची आग तर कितीतरी मोठी होती, पण कोणी मनावर घेतले नव्हते. या वेळी महापौर कार्ल स्टोक्स दुसऱ्याच दिवशी पत्रकारांना घेऊन काठावर गेले आणि कारखान्यांचे पाणी आणि मैलापाणी कुठून येते ते त्यांना दाखवले. देशभर चर्चा झाली आणि पुढे १९७२ मध्ये स्वच्छ पाण्याचा कायदा झाला. आपल्याकडे पाणी प्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९७४ पासून आहे, म्हणजे कायद्याच्या बाबतीत आपण फार मागे नव्हतो. मला यात महत्त्वाचे वाटते ते काठावर माणसे नेऊन नळ दाखवणे. आपण ज्या भिंतीबद्दल लिहिले आहे, तिथे किती जणांना नेले आहे?

पोती_आठ_दिवस
धागाकर्त्यांना एक सावधगिरीची सूचना करते. आमच्या गटाने दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात मोठी सफाई केली आणि चाळीसेक पोती काठावर रचून ठेवली. गाडी पाठवतो असे एका कार्यालयाने सांगितले होते. गाडी आठ दिवस आली नाही, नवव्या दिवशी मोठा पाऊस झाला आणि सगळी पोती नदीत गेली. आम्ही पुलावर उभे राहून ती जाताना पाहिली. काही पोत्यांवर मुलांनी रंगाने ‘नदी माझी’ असे लिहिले होते. त्यानंतर निम्मी माणसे परत आली नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही. आता गाडीची वेळ आणि चालकाचा दूरध्वनी क्रमांक हाती आल्याशिवाय आम्ही एकही पोते भरत नाही, आणि भरलेली पोती पूररेषेच्या वर, रस्त्याच्या कडेलाच नेऊन ठेवतो.

माहिती_अर्ज
काळ्या नळाच्या पाठपुराव्याविषयी माझा अनुभव असा आहे. एका छायाचित्राने काही होत नाही. त्याच जागेवरून, त्याच कोनातून, दर आठवड्याला एक छायाचित्र काढा, त्यावर तारीख, वेळ आणि ठिकाण येऊ द्या, आणि पाण्याचा रंग, वास व फेस यांची दोन ओळींत नोंद ठेवा. तीन महिन्यांनी हा संच महापालिकेच्या मलनिस्सारण विभागाला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला एकाच दिवशी द्या आणि पोच घ्या. त्यानंतर माहितीच्या अधिकारात विचारा, की हा नळ पावसाळी गटाराचा आहे की मलवाहिनीचा आणि तुमच्या तक्रारीवर कोणती कारवाई झाली. पावसाळी गटार असेल, तर जानेवारीत त्यातून पाणी यायला नको. एवढ्या एका प्रश्नाने आमच्याकडे तपासणी झाली आणि चुकीची जोडणी उघड झाली. ती सुधारायला आणखी दीड वर्ष लागले, पण ती सुधारली.

उतारावरचे_पाणी
सर्व प्रतिसाद सावकाश वाचले. माझ्या पहिल्या मतात एक महत्त्वाची गोष्ट राहून गेली होती, ती मी स्वतःच दुरुस्त करतो. मैलापाणी उताराने वाहते, म्हणून शहरांत मुख्य मलवाहिन्या बहुधा नदीनाल्यांच्या काठानेच, काही ठिकाणी तर पात्रातूनच टाकलेल्या असतात. त्यांच्या चेंबरची झाकणे फुटलेली किंवा चोरीला गेलेली असली, की पुराबरोबर साड्या, चिंध्या आणि प्लॅस्टिक आत शिरते, वाहिनी तुंबते आणि वरच्या अंगाच्या चेंबरमधून मैला उसळून नदीत जातो. अशा वेळी शुद्धीकरण प्रकल्प कितीही मोठा बांधलेला असला तरी त्याच्यापर्यंत पाणी पोहोचतच नाही. मी नोकरीत असताना अशा चेंबरमधून निघालेल्या गोधड्या स्वतः पाहिल्या आहेत. तेव्हा करंजाच्या मुळांतून काढलेली ती साडी पुढच्या पुरात एखाद्या चेंबरमध्ये गेली असती, ही शक्यता मी विचारात घेतली नव्हती. ओढ्याकाठची यांची मी मनापासून क्षमा मागतो.

आपल्या पट्ट्यातले चेंबर मोजा आणि कोणाचे झाकण नाही ते लिहून काढा. भर दुपारी पात्र कोरडे असताना चेंबरच्या कडेने ओल दिसली, तर तिथे गळती आहे असे समजा. मी येऊन नकाशा करून द्यायला तयार आहे.

ओढ्याकाठची
क्षमेची काहीच गरज नाही. नकाशा झाला की आमच्या ओढ्याकडेही या.

काठावरचा_करंज
सर्वांचे मनापासून आभार. या रविवारी आम्ही काम थोडे बदलून पाहिले. पहिला तास नेहमीसारखी सफाई केली, पण पोती ओतून वर्गवारी केली. एकूण अकरा पोत्यांपैकी चार केवळ कपडे आणि चिंध्यांची निघाली. गोणपाट यांनी सांगितल्याप्रमाणे बाटल्या मोजक्याच होत्या. कपड्यांमध्ये एकाच रंगाच्या, एकाच मापाच्या कापलेल्या पट्ट्या खूप होत्या, म्हणजे जवळपास कुठेतरी शिलाईचा व्यवसाय असावा. आमच्यातल्या दोघी या आठवड्यात त्या भागात जाऊन बोलणार आहेत. वाहते_पाणी_आजींनी सांगितलेल्या मुलीप्रमाणेच त्या बोलतील, तक्रारीच्या सुरात नाही.

दुसऱ्या तासात उतारावरचे_पाणी यांच्यासह आम्ही पात्राच्या कडेने चाललो. आमच्या पट्ट्यात नऊ चेंबर सापडले, त्यांपैकी दोनांना झाकण नाही. एकात आम्ही डोकावून पाहिले तर वरच्या पायरीला जाड काळी दोरी लोंबत होती. ती प्रत्यक्षात पिळ पडलेली ओढणी होती. भिंतीतल्या नळाचे पहिले छायाचित्र सकाळी ८:४० वाजता काढले आहे. पाणी करडे होते, फेस थोडा होता, वास साबणाचा आणि मैल्याचा असा मिश्र होता. पोती रस्त्यापर्यंत नेली आणि ती गाडीत चढेपर्यंत आम्ही तिथेच थांबलो.

माझ्या मूळ प्रश्नाला मला मिळालेले उत्तर असे आहे, की रविवार सोडायचा नाही, मात्र हातात पोत्याबरोबर वही ठेवायची. तीन महिन्यांनी याच धाग्यावर नोंदी देईन.

भीमथडी_सोलापूर
वहीच्या पहिल्या पानावर नदी पुढे कुठे जाते तेही लिहून ठेवा. आणि मार्चमध्ये मी पुण्यात आहे, त्या रविवारी गमबुटांचा एक जोड जास्तीचा ठेवावा. माप नऊ.